कुलदैवताचा रकाना

शनिवारी सकाळी शारजात, राष्ट्रगीत चालू असताना, खो-खो संघाच्या आठ मुली मैदानात बसून राहिल्या.

असं काहीही झालेलं नाही. वसंतरावांनी तसं माइकवरून दोनदा सांगितलं, आणि वसंतराव खाडीकिनारा मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत.

तर, जे झालं नाही ते असं. आधी इथलं राष्ट्रगीत वाजलं. आठही जणी ताठ उभ्या. मग आपलं सुरू झालं आणि त्या मधल्या पट्टीवर ओळीने उकिडव्या बसल्या. खो-खोत बसतात तशाच, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. त्यामुळे चौघींची पाठ झेंड्याकडे गेली. नववी, खतीजा परकार, दोरीबाहेर प्रेक्षकांत होती. ती सावधान उभी होती.

चारशे माणसं भडकली. पण हलायची सोय नव्हती. बावन्न सेकंद चारशे माणसं हात मांडीला चिकटवून, नजर समोर ठेवून भडकत राहिली. शेवटचा सूर संपला आणि मैदान फुटलं.

"उठा गं! लाज नाही वाटत?"

"कुणाच्या मुली आहेत या?"

ज्यांच्या होत्या ते बुटांकडे बघू लागले.

"मोबाईल खाली! व्हिडिओ बाहेर गेला तर सगळ्यांचे व्हिसा खलास!"

उपेंद्र दोरी ओलांडून धावला. तो मंडळाचा सचिव, आणि कॅप्टन ईराचा बाप.

"ईरा, ऊठ. आत्ताच्या आत्ता."

"कान्ट, बाबा. नोबडी गेव्ह मी खो."

"हा काय खेळ चाललाय?"

"खो-खो," ईरा म्हणाली. "खतीजा गिव्हज इट. अँड यू केप्ट हर आउट."

उपेंद्रला पुढचं विचारावं लागलं नाही. स्पर्धेच्या अर्जाचा नमुना त्यानेच तयार केला होता. घाईत होता, म्हणून वधू-वर मेळाव्याचा अर्ज उघडला, वरचं शीर्षक बदललं आणि सगळ्यांना पाठवला. उंची, वर्ण, गोत्र, कुलदैवत, अपेक्षा. तीनशे खेळाडूंनी निमूट भरला. ईराने अपेक्षेत 'फायनल' लिहिलं. दापोलीच्या खतीजाने कुलदैवतापुढे प्रामाणिकपणे रेघ मारली. रेघ म्हणजे कोरा रकाना, कोरा रकाना म्हणजे अपूर्ण अर्ज, अपूर्ण अर्ज म्हणजे बाद. उपेंद्रला चूक मंगळवारीच कळली होती. पण ती कबूल करायची तर बाकीच्यांना गोत्र कशाला विचारलं, हेही सांगावं लागलं असतं.

वसंतराव आले. त्यांच्या हातात कोरा कागद होता.

"दहा मिनिटं देतो. लेखी माफी, आणि मराठीत. पायांत गोळे आले म्हणा, विषय संपला. नाहीतर फायनल विसरा, आणि पाच वर्षं मंडळाच्या मैदानात पाऊल ठेवायचं नाही."

आठ जणींतल्या श्रियाने बसल्या बसल्या पेन घेतलं. वर तारीख घातली आणि थांबली. तारखेपर्यंतचं मराठी सगळ्यांनाच येत होतं. कागद आठ जणींच्या हातून फिरून तसाच परत आला.

"अरे, मराठी मंडळाचा संघ आणि मराठी लिहिता येणारी एकही नाही?"

"देअर वॉज वन, अंकल," ईरा म्हणाली.

वसंतरावांनी उपेंद्रकडे पाहिलं. उपेंद्रने दोरीकडे. सात मिनिटं उरली होती.

"खतीजा, बाळा," उपेंद्रने हाक मारली. "जरा ये."

ती आली आणि चुन्याच्या रेघेवर थांबली. "आत येऊ काका? माझा अर्ज अपूर्ण आहे."

"लिहायला ये," वसंतराव म्हणाले. "खेळायला नाही."

"मग मी इथेच बसते."

ती रेघेबाहेर मांडी घालून बसली. सातवीपर्यंत दापोलीच्या शाळेत होती, अक्षर सुरेख. "काय लिहू?"

"पायांत गोळे आले."

"आठही जणींच्या? एकदम?"

"लिही म्हणतो ना!" वसंतराव खेकसले.

ईरा इंग्रजीत पुटपुटत होती, खतीजा मराठीत लिहीत होती. गर्दी दोरीला रेलली होती. कुणीतरी अजून "माफी! माफी!" ओरडत होतं. खतीजाने कागद उपेंद्रच्या हातात दिला. आलेले अर्ज वाचून दाखवणं हे सचिवाचं काम. तो माइकशी गेला. आधी नजर टाकून घ्यावी, हे त्याला सुचलं नाही.

"माननीय अध्यक्ष, खाडीकिनारा मराठी मंडळ, यांस. विषय: उठण्याबाबत. महोदय, आमच्या पायांत गोळे आलेले नाहीत."

तो थांबला. वसंतराव माइककडे हात लांबवत झपाझप येत होते. उपेंद्रने माइक स्टँडवरून काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरला. मग मोठ्याने वाचू लागला.

"खो-खोच्या नियमानुसार बसलेल्या खेळाडूस खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. आम्हास खो देणारी खेळाडू आपल्या वधू-वर अर्जात नापास झाली आहे. तरी सचिवांनी आपली चूक दुरुस्त करून तिला मैदानात घ्यावे, राष्ट्रगीत पुन्हा पहिल्यापासून लावावे, आणि ती खो देऊन आम्ही एकेक करून उभ्या राहीपर्यंत सर्व उपस्थितांनी सावधान स्थितीत थांबावे, ही नम्र विनंती."