पेटीपुढची उदबत्ती

बजेट चिल्लर अन् नखरे नवाबाचे! होम थिएटरच्या सबवूफरपायी सुगतनं उदगीरातली सगळी दुकानं पालथी घातली होती, अन् त्याच्यामागं फिरून त्याच्या बायकोचं, समीक्षाचं, डोकं उठलं होतं. महागाचा परवडत नव्हता, स्वस्तातला पसंत पडत नव्हता.

“ह्याला बेस म्हणतेत का? पत्र्याचा डबा वाजवल्यावानी हाय,” त्यानं आणखी एकाला नावं ठेवली.

दुकानदार नरसिंगनं कोपऱ्यातली सबवूफरची एक काळी, धुळकट पेटी काउंटरवर आणून ठेवली. “ही बसंल बजेटात.”

मग आपल्या रीतीप्रमाणं त्यानं गल्ल्यावरच्या देवापुढची उदबत्ती उचलली अन् पेटीच्या मागच्या गोल छिद्रापुढं धरली. बेस दमदार असला की तिथून हवेचा झोत येतो, धूर उडतो.

धूर उडाला नाही. सरळ आत गेला.

“ही तर उलटी ओढून राहिली!” समीक्षा वैतागली. “अन् गाणं कुठाय? लावा की.”

“थांब गं,” सुगत हरखून म्हणाला. “ओढ तर बघ! हीच घेऊ.”

“घ्या एकदाची, अन् चला घरी!” तिनं रागारागानं पेटीची वायर गुंडाळायला घेतली. वायरच्या टोकाचा प्लग तिच्या हातात आला. तो कुठंच जोडलेला नव्हता.

धूर आत जातच होता. थांबत थांबत, दम घेतल्यासारखा.

पेटीच्या आत कुणीतरी खोकललं.

नरसिंगनं घाईघाईनं उदबत्ती विझवली. पेटीवरून हात फिरवत त्यानं हळूच विचारलं, “पाणी देऊ का?”