कमरेची चटई

"आधी ती कमरेची चटई सोडा, मगच आत," लवेनिया बाळांच्या वॉर्डाच्या दारात हात आडवा धरून म्हणाली.

फुसीआजी जागची हलली नाही. नवरा जाऊन महिना झाला होता. कडा कुरतडलेली, गुडघ्यांखाली लोंबणारी सुतकाची चटई बेटाच्या रीतीप्रमाणे तिच्या कमरेला होती. सुतक फिटेपर्यंत ती सोडायची नसते.

"नवऱ्याला पुरलं तेव्हाही कुणी मला चटई सोड म्हणालं नाही. तू कोण टिकोजीराव लागून गेलीस?"

"या वॉर्डाची सिस्टर. मागच्या आठवड्यात एक बाळ गेलं इथलं. आणखी दोन तापाने फणफणलीत, आणि ताप एकाही औषधाला दाद देत नाहीये. खाटा पुसल्या, कठडे पुसले, कड्या पुसल्या. जंतू पुन्हा हजर! ही चटई शेवटची कधी धुतलीत?"

"सुतकाची चटई कुणी धुतं का?"

"झालं तर मग!"

आजीची सून शस्त्रक्रियेनंतर बायकांच्या वॉर्डात पडून होती. तिच्या तान्ह्या नातीला बघायला दुसरं कोणी नव्हतं. लवेनियाने त्या बाळाची खाट मागच्या व्हरांड्यातल्या खोलीत हलवली.

"बाळाचं सगळं तुम्हीच करायचं. आमची कुणी तिकडे येणार नाही, आणि तुम्ही आमच्या बेसिनला हात लावायचा नाही."

"मग हात कुठे धुऊ, समुद्रात?"

"मागे पावसाच्या पाण्याची टाकी आहे. साबण घरचा आणा."

आजीने कपड्यांच्या साबणाची पिवळी वडी आणली. येताजाता टोमणे मारायची ती थांबली नाही. "बाटवलं गं बाई तुमचं इस्पितळ मी!" असं ती टाकीपाशी मोठ्याने म्हणायची. लवेनियाने तिकडे काणाडोळा केला.

तिला दुसरीच धास्ती होती. तापलेल्या दोघांतला एक तिच्या भावाचा, सेमिसीचा, पहिला मुलगा होता. नाव आत्याने ठेवायचं. तिने ते ठरवलंही होतं, पण बाळ बरं होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही, असा पण केला होता. हे बाळ ती जाऊ देणार नव्हती.

वॉर्डात शिरणाऱ्या प्रत्येकाने बेसिनवर कोपरापर्यंत हात धुवायचे, हा तिचा जुना नियम. आता बाळाला हात लावण्याआधी आणि नंतरही, असं तिने फर्मावलं. साबणाची तिने कधी चणचण पडू दिली नव्हती. राजधानीचं जहाज कधी येईल याचा नेम नाही, आणि आल्यागेल्यापुढे रिकामं भांडं ठेवणं बेटावर लाजिरवाणं. म्हणून बेसिनवरची पातळ साबणाची बाटली निम्मी व्हायच्या आत ती स्वतः वरून साबण ओतायची, तो पुरवठ्याला यावा म्हणून थोडं पाणी घालायची. "ही बाटली रिकामी पाहिलीय का कुणी?" असं ती नव्या नर्सना ऐटीत विचारायची. त्या पाठीमागे तिला साबणबाई म्हणत.

शेवटी तिने नमुने गोळा केले. खाटा, कठडे, कड्या. आजीला डुलकी लागलेली बघून चटईच्या कडेवरूनही कापसाचा बोळा फिरवला. तुलनेला एक स्वच्छ नमुना हवा, म्हणून बेसिनवरच्या बाटलीतला साबण कुपीत भरला. नमुन्यांचा डबा विमानाने राजधानीच्या प्रयोगशाळेत गेला.

"सिस्टर," नर्स सेइनी एकदा चाचरत म्हणाली, "मागच्या खोलीतलं बाळ तर टुणटुणीत आहे."

"असणारच. जंतू ज्यांच्या अंगवळणी पडलाय, ती धडधाकटच दिसतात. भोगतात दुसरी."

सेमिसीच्या मुलाचा ताप मात्र चढतच होता. बहीण असेल त्या खोलीत भावाने थांबायचं नाही, ही इथली रीत, म्हणून सेमिसी बाहेर उभा राहायचा. ती निघाली की मान खाली घालून आत जायचा, आणि ताईने शिकवलं तसे निगुतीने हात धुवायचा.

त्या सकाळी फोन आला. लवेनिया बाहेर ओसरीत धावली. सेमिसी आत गेला.

"चटईचं काय?" तिने आधी तेच विचारलं.

"चटई निर्दोष," प्रयोगशाळेतला विलियामी म्हणाला. "मळकी आहे, पण तो जंतू नाही."

"शक्य नाही. पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं. खाटांवर, कठड्यांवर आहे. जिथे जिथे तुमच्या लोकांचे हात लागतात, तिथे तिथे."

"पण हात तर आम्ही सारखे धुतो!"

"सिस्टर, तुम्ही स्वच्छ म्हणून पाठवलेला तो साबण... त्यात तोच जंतू खच्चून भरलाय. ती बाटली पूर्ण रिकामी करून कधी धुतली होती का?"

लवेनिया वळली. उघड्या दारातून सेमिसी दिसत होता. बाळाला त्याने छातीशी धरलं होतं आणि ओल्या बोटाने त्याचे ओठ पुसत होता. बहिणीची चाहूल लागताच त्याने रीतीप्रमाणे नजर खाली केली.

"ताई," तो म्हणाला, "आज तू सांगितलंस त्याच्या दुप्पट साबण घेतला."