बारीक दाताची करवत

कॅनडाहून दीपकचा फोन आला. त्याचे वडील हिरामण नाशिक रोडला जन्मभर सुतारकाम करून आता घरी बसले होते.

"दादा, एक करवत घ्यायचीय. पाठीवर घेऊन दोन दिवस डोंगर चढायचाय, हलकी पाहिजे."

"लाकूड कोणतं?"

"लाकूड नाही, हाड." दीपक म्हणाला. "इथं परवाना काढून शिकारीला जातात. सांबरापेक्षा मोठं जनावर असतं, जागेवरच कापून आणावं लागतं."

हिरामणांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. चाळीस वर्षांत त्यांनी अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. 'नको रे बाळा' एवढंच म्हणायचं होतं. पण घर सोडल्यापासून पोरगा पहिल्यांदाच त्यांना काही विचारत होता.

"बारीक दाताची घे," ते म्हणाले. "मोठे दात हाडात अडकतात. पातं घडीचं बघ. आणि मूठ रबराची, ओल्या हातातून सटकत नाही."

बोलता बोलता अर्धा तास गेला.

"एवढं काय विचारत होता?" त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी विचारलं.

"बागेतली झाडं छाटायचीत त्याला."

"झाडं लावली म्हणजे रमला तिथं," त्या म्हणाल्या आणि देवाला साखर ठेवायला गेल्या.

पंधरा दिवसांनी फोटो आला. जनावराचे डोळे उघडेच होते, शेजारी कापलेला पाय होता. बायको आत आहे हे पाहून हिरामणांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि हाडाचा काप न्याहाळला.

काप अगदी सरळ आला होता. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी माळ सदऱ्याच्या आत ढकलली.