खांबावरचा फोटो

विनायकरावांनी पहिली कादंबरी लालबागच्या चाळीसमोर रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून लिहिली, हे वाचकांना तोंडपाठ होतं. म्हणून सरकारी माहितीपटाचा कॅमेरा आज त्याच खांबासमोर लागला. पण खांबावर हार घातलेला फोटो होता चाळीतल्या जाईकाकीच्या भिकाजीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा तिचं पोर इथेच पडलं होतं. “सरकारी फिल्ममध्ये हा चालणार नाही,” दिग्दर्शक म्हणाला. “राहू द्या” एवढंच विनायकरावांना म्हणायचं होतं, पण ते पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. शेवटी जाईकाकीच पुढे झाली. फोटो उतरवून छातीशी धरत म्हणाली, “तुझा काम होऊंदे, विनू. तो खंय जातलो आता?” आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. विनायकराव खांबाखाली बसले. “साहेब, मान वर, इकडे बघा,” दिग्दर्शकाने सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग हात जोडले. विनायकरावांची मान वर होईना.