एकेक अक्षर

ऑफिसात दर महिन्याला पासवर्ड बदलावा लागे आणि जुना पुन्हा चालत नसे. मुलीचं नाव, कुत्र्याचं नाव, झालंच तर भाज्यांचीही नावं वापरून संपली, तेव्हा सून वैतागली आणि मनात आलं ते इंग्रजी अक्षरांत टाकून मोकळी झाली.

आज नेमका लॅपटॉप घरी राहिला. मीटिंगला माणसं येऊन बसलेली, आणि घरात फक्त राहायला आलेल्या सासूबाई. फाईल तर हवीच होती. तिने जिन्यात जाऊन फोन लावला आणि हळू आवाजात एकेक अक्षर सांगू लागली. सासूबाई प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करत होत्या. शेवटी बरोबर आलंय ना, म्हणून त्यांनी सगळं जोडून वाचलं.

"आई कधी जाणार."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, अहो, ते मी..."

"उघडलं गं. कुठली फाईल पाठवू, ते सांग."

फाईल आली. सून फोन ठेवणार, तेवढ्यात सासूबाई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या,



"पासवर्ड तेवढा बदलून टाक हो, बाळा. रविवारी निघतेय मी."