आमोदला पडणारे वीस

सलग चौथ्या रविवारी आमोदला वीस पडले. टॅबलेटच्या पडद्यावरचा वीस बाजूंचा फासा थांबला आणि त्याचा योद्धा पुन्हा एकदा दरी ओलांडून सुखरूप पलीकडे गेला.

“काय रे, फाशाला लाच देतोस का?” हेमांगीने विचारले. ती हसत नव्हती. टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळांसाठी निघणाऱ्या, या फाशासारख्या डिजिटल पुरवण्या तपासून त्यांना गुण देणे हे तिचे काम होते आणि ती तपासणी कॉलेजच्या जुन्या मित्रांसोबत खेळूनच करायची. तिने टॅबलेट बदलून पाहिला, सगळ्यांच्या जागा बदलल्या. वीस आमोदलाच पडत राहिले.

शेवटी तिने पुरवणीच्या निर्मात्यांना खडसावून विचारले. उत्तर लगेच आले. फासा खेळाडूंचे आवाज ऐकतो. ज्याचे मन खेळातून उठले आहे त्याला मोठे दान देतो, म्हणजे तो गट सोडत नाही.

हेमांगीने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले. “तू सोडून चाललायस?”

“पहिल्या रविवारी नुसता कंटाळा आला होता गं,” आमोद बॅग उचलत म्हणाला. “नंतर तू चोरावर नजर ठेवावी तशी माझ्या हातांकडे बघायला लागलीस.”