जरा हळू टाक

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात वेगवान चेंडूच्या सॉफ्टबॉलचे एकेकाळी बावीस संघ होते, आता दोनच उरले होते. सहाव्या डावातही साठीच्या डेलबर्टच्या चेंडूला कुणाची बॅट लागेना, तेव्हा समोरचा कप्तान कर्ट वैतागून अंपायर ऑरिनकडे आला.

"काका, त्या म्हाताऱ्याला सांगा जरा! नुसती हवेत बॅट फिरवायचा कंटाळा आलाय पोरांना. नाहीतर पुढच्या मंगळवारपासून आम्ही हळू चेंडूच्या लीगमध्ये चाललो."

म्हणजे इथला खेळच बंद. अंपायरगिरीच्या तेहेतीस वर्षांत ऑरिनने कधी कुणाची बाजू घेतली नव्हती, पण आज तोंडावरची जाळी काढून तो डेलबर्टपाशी गेला.

"डेल, एवढं ऐक माझं. जोर जरा कमी कर. चार चेंडू मारू दे त्यांना."

डेलबर्टने हातातला चेंडू ग्लोव्हमध्ये टाकला.



"खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून निम्म्या वेगानेच टाकतोय रे मी. त्यांचं सोड, तुलाही कळलं नाही?"